भिंतीतले दोन आकडे

"तुझा बाप पन्नास टक्के झालाय. मी नाही म्हणत, गणित म्हणतंय."

मुकादम असं म्हणाला तेव्हा माझ्या हातात रिकामी ट्रॉली होती. ती मी तशीच सोडून दिली. ती घरंगळत जाऊन इस्त्रीवाल्या मावशीच्या टोपल्यावर आपटली. मावशी म्हणाली, "अरे मेल्या, पाय गेला असता माझा," पण मी बघितलंसुद्धा नाही.

"परत म्हणा," मी म्हटलं.

"का? कान पण पन्नास टक्के झाले का? ये ठिणगी, इकडे ये. फळ्यावर दाखवतो."

ठिणगी म्हणजे मी. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत मला सगळे तेच म्हणतात. मी धुतलेल्या चादरी ट्रॉलीत घालून वॉर्डात पोचवतो, आणि लवकर पेटतो, म्हणून ठिणगी.

मुकादमाने खडू घेतला. "जिराफ एकटा तासाला किती चादरींची घडी घालतो? साठ. मी स्वतः उभा राहून मोजल्यात. तुझा बाप एकटा किती घालतो? साठ. साठ आणि साठ?"

"एकशे वीस."

"आणि दोघं मिळून किती घालतात? नव्वद. जिराफ तरणाबांड, त्याचे साठ कुठे जात नाहीत. नव्वदातून साठ गेले, राहिले तीस. म्हणजे जोडीत उभा राहिला की तुझा बाप तीसच घालतो. साठाचे तीस. अर्धा. आता यात माझं काय चुकलं ते सांग."

जिराफ म्हणजे बाबांचा नवा जोडीदार. खरंच जिराफासारखा आहे, मान आधी येते आणि माणूस मागून. तो बाबांच्या समोर चादरीचं टोक धरून उभा होता आणि तोंड असं केलं होतं की जमीन फाटली तर बरं होईल. बाबांची आमच्याकडे पाठ होती. त्यांनी ऐकलं होतं. सगळं ऐकू जाईल एवढंच अंतर होतं. पण ते घडी घालत राहिले.

भानगड अशी होती, की खालच्या खोलीत माणसं कमी पडत होती. तिथे वॉर्डातून आलेल्या घाण चादरी वेगळ्या करायच्या असतात. रक्ताच्या एकीकडे, औषधाच्या एकीकडे, आणि बाकीचं काय काय असतं ते सांगत नाही. वरच्या चार टेबलांपैकी एक बंद करून ती जोडी फोडायची आणि जुन्या माणसाला खाली पाठवायचं असं ठरलं होतं. सगळ्यात कमी बाबांच्या टेबलाचं येत होतं. तोच पगार, तीच वेळ. फक्त ते टेबल सोडायचं. आणि ते टेबल सोडायचं म्हणजे काय, हे लॉन्ड्रीत सगळ्यांना माहीत होतं. बाबांच्या समोर, आता जिथे जिराफ उभा असतो तिथे, चार महिन्यांपूर्वीपर्यंत माझी आई उभी असायची.

"मी काय कसाई नाही," मुकादम म्हणाला. आणि तो नाहीच आहे, हीच तर पंचाईत. "शनिवारी एक तास मोजू. पन्नास टक्के पडलाय ना? पन्नास टक्के वाढवून दाखवू दे. टेबल त्याचं. मी वर सांभाळून घेईन."

इथे मी गप्प बसायला पाहिजे होतं.

"पन्नास टक्के वाढवून काही होत नाही," मी म्हटलं. "तिसाचे पन्नास टक्के पंधरा. तीस आणि पंधरा पंचेचाळीस. साठ कुठे झाले? अर्धं झालेलं पूर्ण करायचं तर शंभर टक्के वाढवावे लागतात. एवढं येत नाही आणि निघाले लोकांच्या बापाला टक्के लावायला."

मुकादम फळ्याकडे बघत राहिला. खडूने बाजूला बारीक अक्षरात काहीतरी मांडलं.

"बरोबर आहे की रे तुझं," तो म्हणाला. चिडून नाही, अगदी मनापासून. "पंचेचाळीस आणि जिराफचे साठ, एकशे पाच. मी एकशे पाचवर सोडणार होतो त्याला." मग तळहाताने फळा पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, १२०. "शनिवारी एकशे वीस."

मावशीने इस्त्रीच्या रोलरमधून चादर ओढता ओढता मान हलवली. "शहाण्या, तोंडाला कुलूप पण मिळतं बाजारात."

बाबा तेव्हा पहिल्यांदा वळले. मला वाटलं आता बसणार एक कानाखाली. ते म्हणाले, "ट्रॉलीचं चाक बघ. वाकलं असेल."

---

आता घडी म्हणजे काय सोपी गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हॉस्पिटलची चादर एकट्याने घडी घालून बघावी. ती तुमच्या-आमच्या पलंगावरच्यासारखी नसते, लांब असते, जाड असते, आणि जमिनीला कड लागली की परत धुवायला. म्हणून दोन माणसं लागतात. जोडीदार नसेल त्या दिवशी काय करायचं, तर प्रत्येक टेबलामागे भिंतीत लोखंडी आकडे ठोकलेले आहेत, खांद्याएवढ्या उंचीवर, दोन. चादरीचे दोन कोपरे आकड्यांना अडकवायचे आणि दोन आपण धरायचे. मुकादम एकट्याचं काम मोजतो ते या आकड्यांवर.

आईला हे फार आवडायचं, की भिंतीत पण आकडा आणि फळ्यावर पण आकडाच. मुकादम महिन्याचा हिशेब फळ्यावर लिहायला लागला की ती म्हणायची, "चला, अडकवा आम्हाला."

आकड्यांवर तासाला बाबांच्या साठ चादरी व्हायच्या आणि आईच्या चाळीस. हे लग्नाच्या आधीपासून ठरलेलं होतं, कारण त्यांचं लग्न त्या टेबलावरच जमलं. बाबा मूडमध्ये असले की म्हणायचे, "मी तुझ्यापेक्षा पन्नास टक्के जास्त आहे."

आई म्हणायची, "आणि मी तुमच्यापेक्षा किती कमी?"

"पन्नासच की."

"साठातून वीस गेले की पन्नास टक्के होतात होय? तेहतीस. तुम्ही पन्नास जास्त आणि मी तेहतीस कमी. अंतर तेवढंच वीस चादरींचं, पण तुमच्या तोंडून निघालं की फुगतं."

आई सातवीपर्यंत शिकली होती आणि त्या सातवीचा तिने शेवटच्या थेंबापर्यंत रस काढला. मी नववीतून सुटलो ते पण गणितामुळेच. सर फळ्यावर शिकवत होते, अ एक काम अमुक दिवसांत करतो, ब तेच काम तमुक दिवसांत करतो, तर दोघं मिळून किती दिवसांत. मी हात वर केला आणि विचारलं, "सर, अ आणि ब यांचं पटतं का?" वर्ग हसला. सर म्हणाले बाहेर हो. मी म्हटलं मी खरंच विचारतोय. ते म्हणाले बाहेर हो. मी बाहेर झालो, तो फाटकाच्याही बाहेर झालो, आणि मग परत जायचं राहूनच गेलं.

आईने त्या दिवशी मला लाटण्याने हाणलं. मग रात्रीची भांडी घासताना म्हणाली, "मी एकटी ही भांडी अर्ध्या तासात घासते. तू एका तासात. दोघं मिळून?"

मी मनात मांडलं. "वीस मिनिटं."

"चूक. पाऊण तास. तुझं तोंड पण चालू असतं."

पुस्तकात वीस मिनिटंच बरोबर आहे. पण खरंच पाऊण तास लागला.

मग मीच एकदा तिला अडवलं. म्हटलं, "बाबांच्या साठ आणि तुझ्या चाळीस, शंभर होतात. पण तुमच्या टेबलावर तासाला एकशे वीस होतात. वरच्या वीस कुणाच्या?"

बाबा म्हणाले, "माझ्या."

"बघा, आले लगेच वसुलीला," आई म्हणाली. आम्ही घरीच होतो, ते दोघं आमचीच चादर घडी घालत होते. तिने आपली दोन टोकं धरली होती, बाबांनी त्यांची. तिने हनुवटीने चादरीकडे दाखवलं. "मधला भाग कोणी धरलाय?"

"कोणीच नाही."

"मग खाली पडतोय का?"

ती गेली ती वरच, तिसऱ्या मजल्यावर, आमच्याच हॉस्पिटलमध्ये. छातीत पाणी झालं होतं. पहिल्या दिवशी तिने अंगाखालची चादर चाचपून कड बघितली आणि म्हणाली, "ही आपली घडी नाही, कड सरकलीय. कुठल्या टेबलाची आहे?" बाबांनी दुसऱ्या दिवशीपासून तिच्यासाठी आकड्यांवर घातलेली चादर स्वतः वर न्यायला सुरुवात केली. मी बरोबर असायचो. ती रोज कड बघायची आणि रोज म्हणायची, "तेहतीस टक्के कमी," म्हणजे तिच्याशिवाय घातलेली घडी तेवढी कमी. हसायला लागली की खोकला यायचा. मग एका सकाळी आम्ही वर गेलो तर पलंग रिकामा करून ठेवला होता. बाबांच्या हातात घडी होती. नर्स म्हणाली ठेवा इथे. बाबांनी ती ठेवली नाही. ती घेऊन ते खाली आले, टेबलावर ठेवली, आणि थोड्या वेळाने कुणीतरी ती बाकीच्यांच्या ढिगात टाकली.

---

शनिवारपर्यंत मी एकच काम केलं. ट्रॉली भरायच्या निमित्ताने बाबांच्या टेबलाशी उभा राहायचो आणि बघायचो. मला बघता येतं. शाळेत पण फळ्यापेक्षा खिडकीतून जास्त दिसायचं मला.

आधी वाटलं जिराफची उंची नडतेय. त्याचं टोक वर, बाबांचं खाली, चादर उतारावर. पण जिराफ गुडघे वाकवून उभा राहायचा, बिचारा. मग वाटलं बाबांचे हात. पण हात चोख होते. दोघं चारही कोपरे धरायचे, ताणायचे, दुमडायचे, परत दुमडायचे, मग जिराफ चालत येऊन त्याची टोकं बाबांच्या हातात द्यायचा. कुठेच काही अडत नव्हतं आणि तरी नव्वदच होत होत्या.

बुधवारी मला दिसलं.

दुमडण्याच्या आधी बाबा थांबायचे. टोकं धरून, हात पुढे करून, नुसते थांबायचे. आवंढा गिळायला लागतो तेवढाच वेळ. मग जसं काही आठवल्यासारखं पुढे जायचे. प्रत्येक चादरीला तीनदा. प्रत्येक दुमडीला एकदा आणि जिराफने चालायला सुरुवात करायच्या आधी एकदा.

मला आधी कळेना ते कशासाठी थांबतात. आणि मग माझे स्वतःचेच हात बोलले, कारण घरी कधी कधी आई मला पण दुसरं टोक धरायला लावायची. ती हिसका द्यायची. चादर ताणली की तिच्या बाजूने एक बारीक हिसका यायचा. अगदी बारीक, बघणाऱ्याला दिसायचा नाही, फक्त धरणाऱ्याच्या बोटांना कळायचा. म्हणजे मी धरलंय, तुम्ही चला. तिला स्वतःला ठाऊक होतं की नाही कुणास ठाऊक. बाबांशी भांडली की तो जोरात यायचा. बाबा म्हणायचे, "हळू, चादर आहे," ती म्हणायची, "अजून माझा हिसका बघितला नाहीत तुम्ही."

बाबा त्याची वाट बघत होते. चार महिने. चादरीमागे तीनदा.

आणि जिराफला वाटायचं काका दमलेत, म्हणून तो पण थांबायचा, मान देऊन. दोघंही एकमेकांसाठी चादर ताणून उभे. तिथे जात होत्या त्या तीस चादरी. बाबांच्या नव्हत्या, जिराफच्या पण नव्हत्या. मुकादमाने त्या बाबांच्या नावावर टाकल्या, कारण त्याच्या बेरजेत तिसरी जागाच नव्हती.

मला एवढं हुशार कधीच वाटलं नव्हतं. मी जिराफला मुतारीच्या बोळात गाठलं.

"काका थांबले की एक हिसका दे," मी म्हटलं. "बारीक. असा." त्याच्या शर्टाची बाही धरून दाखवला.

"कशाला?"

"दे तू. एकशे वीस होतील."

"काका ओरडले तर?"

"ओरडत नाहीत ते कुणावर. माझ्यावर पण नाही."

"तुझ्यावर तर ओरडायला पाहिजे होतं लेका," जिराफ म्हणाला, पण तयार झाला. चांगला पोरगा आहे. त्याला पण बाबांना खाली जाऊ द्यायचं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने पहिल्याच चादरीला दिला. मी ट्रॉलीमागून बघत होतो. हिसका बरोबर होता, जरा जास्त लांबला, पण बरोबर. आणि बाबांचे हात आपोआप निघाले. वेगात. मी इतक्या वेगात ते हात चार महिन्यांत बघितले नव्हते. एक दुमड घातली, आणि मग त्यांनी वर बघितलं.

वर बघितलं तर समोर जिराफ.

चादर त्यांच्या हातातून सुटली. सुटली म्हणजे त्यांनी सोडली नाही, बोटंच उघडली. कड जमिनीला लागली.

"काका?" जिराफ म्हणाला.

"हे तुला कुणी शिकवलं?"

जिराफला खोटं बोलता येत नाही, एवढी लांब मान असून. त्याने ती माझ्याकडे वळवली.

बाबांनी चादर उचलली, धुण्याच्या टोपलीत टाकली, आणि दुसरी घेतली. उरलेली दुपार त्यांनी घडी घातली, पण जिराफने परत हिसका दिला नाही, आणि त्या दिवशी तासाला ऐंशी पण झाल्या नाहीत.

---

घरी आल्यावर मी वाट बघितली. त्यांनी चहा ठेवला. साखर टाकली. ढवळत बसले. मला राहवेना.

"मी तुमच्यासाठीच केलं."

"माहितीय."

"हिसका दिला की तुमचे हात चालतात. बघितलं मी. अशाने एकशे वीस सहज होतात बाबा, वर पाच होतील."

"होतील."

"मग?"

"हिसका नको."

"का नको? कुणी पण देऊ शकतं तो. त्यात काय आहे?"

ते चहा ढवळत राहिले. मला राग आला. मला त्यांच्या गप्प बसण्याचा नेहमीच राग येतो, आई होती तेव्हा ती मध्ये असायची, आता तो सरळ त्यांच्यावरच जाऊन पडतो.

"टेबल जाईल," मी म्हटलं. "खाली जाऊन रक्ताची फडकी निवडत बसाल. आईचं टेबल आहे ते. तिथे उद्या दुसरंच कोणीतरी उभं राहील, चालेल तुम्हाला?"

बाबांनी गॅस बंद केला. "टेबल हॉस्पिटलचं आहे," ते म्हणाले. "हिसका तिचा होता."

चहा दोघांनी प्यायला. मग मी अंथरूण घातलं. आमच्या घरात तेव्हा एक गोष्ट कोणी बोलून दाखवत नव्हतं. बाबा दिवसाला सातशे चादरी घडी घालतात, आणि आमच्या घरच्या चादरी चार महिने कपाटात बोळे करून कोंबलेल्या होत्या. कपाट उघडलं की अंगावर यायच्या.

---

शनिवारी मुकादमाने सगळ्यांसमोर वेळ लावली. मावशीने मुद्दाम कोरड्या, न चिकटणाऱ्या चादरी बाबांच्या बाजूला सारल्या. मुकादमाने ते बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

बाबांनी जोर लावला. हे मला सांगायलाच पाहिजे, कारण नंतर काही जण म्हणाले की ते मुद्दाम हरले. खोटं आहे. मी समोर उभा होतो. त्यांनी दात आवळले होते. थांबायची वेळ आली की ते जिराफच्या छातीवरच्या बटणाकडे बघायचे आणि स्वतःला ढकलायचे. दहातल्या सात वेळा जमायचं. मग एखाद्या चादरीला हात पुढे जायचे आणि तिथेच राहायचे, आणि जिराफचे डोळे माझ्याकडे यायचे, देऊ का, असं. मी मान हलवून नाही म्हणायचो.

मीच नाही म्हणत होतो. प्रत्येक वेळेला.

शेवटी शेवटी बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मुकादमाने हात वर केला. दोघांनी मोजल्या, मुकादमाने आणि मावशीने, दोनदा.

"एकशे सात," मुकादम म्हणाला.

सगळ्यांच्या मनात एकच आकडा होता आणि तो मी पुसायला लावला होता. मी फळ्याकडे बघितलं. मोठ्या १२० च्या खाली जुना १०५ अजून थोडा थोडा दिसत होता. खडू तळहाताने पुसला की पूर्ण जात नाही.

मुकादमाने खाकरून घेतलं. खडू या हातातून त्या हातात घेतला. "भाऊ," तो बाबांना म्हणाला, "सोमवारी मी आधी पन्नास टक्के म्हणालो होतो. ते पण माझंच बोलणं होतं. तेच धरू आपण. एकशे पाच हव्या होत्या, एकशे सात झाल्या. वर दोन. टेबल तुमचं."

जिराफच्या तोंडावर हसू यायला लागलं. माझ्या पण. मी मुकादमाच्या पायाच पडणार होतो, खरं सांगतो.

बाबा घाम पुसत होते. त्यांनी आधी मुकादमाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तसं त्यांनी माझ्याकडे फार कमी वेळा बघितलंय. रागाने नाही. जसं काही मी घडी घातली आहे आणि ते कड तपासतायत.

"नाही साहेब," ते म्हणाले. "पोराचं गणित बरोबर आहे. अर्ध्याचं पूर्ण व्हायला शंभरच लागतात."

"अहो, मी देतोय ना."

"तुम्ही देताय. पण झाल्या नाहीत." मग त्यांनी जिराफच्या खांद्यावर थोपटलं, म्हणजे खांद्याच्या थोडं खाली, तिथपर्यंतच हात पुरला. "याला चांगला जोडीदार द्या. माझ्यामुळे याचे पण पडतात."

त्यांनी टेबल पुसलं. नेहमी पुसतात तसंच, आधी स्वतःची बाजू, मग वळसा घालून पलीकडची. पलीकडची बाजू पुसताना जिराफ मागे सरकला. मागच्या भिंतीतल्या दोन आकड्यांना एक जुनी चादर अडकवलेली होती, कुणीतरी अर्धवट सोडलेली. बाबांनी ती काढली, एकट्याने घडी घातली, ढिगावर ठेवली आणि जिना उतरून खालच्या खोलीत गेले. पाळी संपायला अजून बराच वेळ होता. येत्या सोमवारी गेले असते तरी चाललं असतं.

मावशी मला म्हणाली, "जा की त्याच्यामागे." मी गेलो नाही. ट्रॉली भरली, वर नेली, तिसऱ्या मजल्यावर तर दोनदा नेली.

आज रविवार आहे. सकाळी बाबांनी कपाटातले सगळे बोळे बाहेर काढले आणि एकेक करून धुतले. बादल्यांवर बादल्या. मी म्हटलं मी पिळतो, ते म्हणाले राहू दे, एकट्याने होतंय. दुपारपर्यंत वाळल्या. मग ते बाहेर जाऊन कागदाच्या पुडीत काहीतरी घेऊन आले आणि शेजारून हातोडी मागून आणली. मी इकडे ओट्यापाशी बसलोय आणि आतल्या खोलीतून ठोकण्याचा आवाज येतोय. मी डोकावून बघितलं नाही. बघायची गरज नाही, आवाज खांद्याएवढ्या उंचीवरून येतोय.

एक ठोकून झाला. आता ते चादरीने अंतर मापत असतील.

दुसऱ्याचा आवाज अजून आलेला नाही. मी हिसका देणार नाही, नुसती टोकं धरीन. मला आता गेलं पाहिजे.